पॉमला जोडी हवी? खानदेशात मिळणाऱ्या पर्यायांचं परखड परीक्षण

"आमच्याकडे एक पॉम आहे, त्याला सोबत पाहिजे," असं पेट शॉपमध्ये म्हणून बघा. समोरून पहिला प्रश्न येतो, "मेल की फिमेल?" उत्तर दिलं की पिंजऱ्यातून उलट लिंगाचं एक पिल्लू काढून हातावर ठेवलं जातं. घरच्या कुत्र्याचं वय किती, वजन किती, नसबंदी झाली का, आजवर दुसऱ्या कुत्र्यांशी कसा वागला, हे चार प्रश्न बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही. दुकानदार पिल्लू विकतो. आपल्याला हवं असतं ते दोघांचं जमणं, आणि ते पिंजऱ्यात ठेवलेलं नसतं.

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, मग चालवून बघतो, मग भावाला बसतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मोबाइलवरचा फोटो बघून ॲडव्हान्स पाठवायची पद्धत पडली आहे. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार भागात दुसरं कुत्रं जिथून जिथून मिळतं त्या सगळ्या वाटांना इथे एकच कसोटी लावली आहे: दोघांची भेट घालून देतात का, आणि नाही जमलं तर परत घेतात का. गुण पाचपैकी.

आधी घरचा बघा

आपल्याकडे पॉमेरियन म्हणून पाळलेले बहुतेक कुत्रे खरं तर इंडियन स्पिट्झ असतात. खऱ्या पॉमचं वजन २ ते ३ किलो, स्पिट्झचं ५ किलोपासून पुढे, मोठ्या चणीचा असेल तर १२ किलोच्या वरही जातं. दुकानदाराच्या तोंडच्या 'टॉय', 'कल्चर', 'टीकप' या शब्दांवर जाऊ नका, वजन करा. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. जोडीदार निवडताना हा आकडा सगळ्यात आधी लागतो.

नव्या कुत्र्याचं पूर्ण वाढीनंतरचं वजन घरच्याच्या दुपटीपेक्षा जास्त नको. हा व्यवहारातला अंदाज आहे, पण त्यामागे कारण आहे. लहान जातीच्या कुत्र्याच्या पुढच्या पायाची दोन हाडं मनगटाच्या थोडी वर पेन्सिलीएवढी बारीक असतात आणि तिथला रक्तपुरवठाही कमी असतो. २५ किलोच्या लॅबने खेळता खेळता पंजा टाकला, किंवा पॉमने घाबरून ओट्यावरून उडी मारली, तर हाड मोडतं ते तिथेच, आणि जुळायलाही वेळ घेतं. पॉमची श्वासनलिका नाजूक असते, मानेला धरून झटकायचा खेळ त्याला चालत नाही. पग आणि शीत्झू यांचे डोळे उथळ खाचेत बसलेले असतात. डोक्यावर एक जोरदार चावा बसला तर डोळा बाहेर येऊ शकतो. मोठा कुत्रा वाईट असतो म्हणून यातलं काही होत नाही. त्याचा खेळच तसा असतो.

वयाचं गणित लोक उलटं मांडतात. "म्हातारा झालाय, पिल्लू आणलं की तरतरीत होईल," असं म्हणून दहा वर्षांच्या पॉमच्या अंगावर दोन महिन्यांचं पिल्लू सोडतात. म्हाताऱ्याचे गुडघे सरकलेले, दात दुखतात, दिवसाचे सोळा तास झोप लागते; आणि पिल्लू सुईसारख्या दातांनी त्याच्या कानाला लोंबकळतं. घरचा आठ-नऊ वर्षांच्या पुढे असेल तर जोडीदार ३ ते ६ वर्षांचा, शांत असाच हवा. घरचा दोन-तीन वर्षांचा, खेळकर असेल तर पिल्लू चालतं. दोन पिल्लं एकदम आणणं, त्यातही एकाच आईची, हे टाळाच. ती एकमेकांतच गुंततात, माणसाचं ऐकत नाहीत, आणि वयात आली की त्यांच्यातच जुंपते.

नर-मादी जोडी सर्वांत कमी भांडते, हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. तो पुढचं सांगत नाही. लहान जातीची मादी साधारण ६ ते ८ महिन्यांत पहिल्यांदा हीटवर (माजावर) येते, हीट तीन आठवड्यांच्या आसपास चालते, आणि भाऊ-बहीण, आई-मुलगा असलं काही कुत्र्यांत नसतं. त्यानंतर ६३ दिवसांत पिल्लं. नर मोठ्या चणीचा असला तर पिल्लं मादीच्या कमरेत अडकू शकतात, तिचा जीवही जाऊ शकतो. तेव्हा दोघांपैकी निदान एकाची नसबंदी आधी करून घ्या, मग जोडी. नराची केली तरी पुढचे काही आठवडे मादीपासून लांब ठेवा, शिल्लक वीर्यातून गर्भ राहू शकतो. दोन नर, दोघंही खच्ची केलेले, बऱ्यापैकी जमवून घेतात. दोन वयस्क माद्या हा सगळ्यात अवघड जोड. त्यांची भांडणं लागली की सहसा मिटत नाहीत.

एकटेपणाने दिवसभर भुंकणाऱ्या पॉमसाठी जोडीदार शोधत असाल तर थांबा. त्याला माणसाची ओढ आहे. दुसरा आला तरी तो भुंकेलच, आणि नवा त्याचं बघून शिकेल. शेजारी मग दोघांबद्दल तक्रार करतील.

पेट शॉपची 'जोडी' : १.५ / ५

दीड गुणातला अर्धा पट्टे, हार्नेस, खाणं एकाच छताखाली मिळतं म्हणून.

जाहिरातीत "४५ दिवसांचं पिल्लू" हे मोठ्या अभिमानाने लिहिलेलं असतं. ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडेही नाहीत. श्वान प्रजनन व विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र दाखवा म्हणून बिनदिक्कत मागावं. पण इथे कायद्यापेक्षा कारण महत्त्वाचं. दात किती जोरात लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो. आईचा सड दुखला की ती उठून जाते. हे शिक्षण पाचव्या ते आठव्या आठवड्यात जोरात चालू असतं. त्यातच उचलून पिंजऱ्यात एकटं ठेवलेलं पिल्लू पुढे तुमच्या पॉमला चावेल तेव्हा त्याला जोराचा अंदाज नसेल. म्हणजे जोडीदार म्हणून जो गुण सगळ्यात जास्त लागतो, तोच लवकर विकलेल्या पिल्लात कच्चा राहतो.

वय पडताळायचं तर ओठ उचलून बघा. दुधाचे २८ दात साधारण आठव्या आठवड्यापर्यंत पुरे होतात. समोरचे बारके आणि सुळे आहेत पण मागची हिरडी अजून मोकळीच आहे, तर पिल्लू सांगितल्यापेक्षा लहान आहे. लहान जातीत थोडं मागेपुढे होतं, पण तीन आठवड्यांचा फरक लपत नाही.

मग लसीचं पुस्तक. त्यात लसीच्या बाटलीवरून काढून चिकटवलेलं लेबल हवं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत हवी, शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख. नुसतं पेनाने 'डीपी (डिस्टेंपर-पार्व्होची लस) झाली' लिहिलेलं असेल तर लस झाली नाही असंच धरा. पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. रेबीजची तीन महिन्यांनंतर. "सगळ्या लसी झाल्यात" असं दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल कुणी म्हणत असेल तर ते शक्यच नाही.

पार्व्होची, म्हणजे पिल्लांना रक्ताची हगवण लावणाऱ्या जीवघेण्या विषाणूची, भीती इथे सर्वांत जास्त. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात, कधी चौदाही. म्हणजे दुकानात उड्या मारणारं पिल्लू घरी आल्यावर चौथ्या दिवशी रक्ताची हगवण करू शकतं. बाहेरगावाहून एसटीच्या टपावर किंवा रेल्वेच्या डब्यात टोपलीतून प्रवास करून आलेलं असेल तर जास्तच. दुकानातलं पिल्लू असो वा जाहिरातीतलं, पहिले १४ दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, हाताळल्यावर साबणाने हात, आणि त्या खोलीतली चप्पल त्याच खोलीत. घरच्या पॉमचा वर्षाचा बूस्टर पिल्लू आणण्याच्या दोन-तीन आठवडे आधी झालेला हवा. फरशी आधी धुऊन मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी या मापाने पुसावी आणि दहा मिनिटं ओली राहू द्यावी. शेणाने सारवलेल्या अंगणावर ब्लीचचा उपयोग नाही, आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. ज्या अंगणात मागे एखादं पिल्लू पार्व्होने गेलंय तिथे लसीकरण पुरं न झालेलं पिल्लू वर्षभर आणू नका.

भेट घालून देतात का? काउंटरवर दोघांची नाकं जुळवून देतात, तिला भेट म्हणत नाहीत. परत घेतात का? बिलाच्या तळाशी छापलेलं असतं, वाचून घ्या.

ऑनलाइन जाहिरात : अर्धा गुण

फोटो दुसऱ्याच पिल्लाचा, आई बघायला मिळत नाही, पैसे आधी. हातरुमाल घेता येईल, कुत्रं नाही.

ओळखीच्यांकडचं घरगुती लिटर (एका वेताची पिल्लं) : ३.५ / ५

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात, अमळनेरला, चोपड्याला कुणाकडे तरी स्पिट्झची मादी व्यालेली असते आणि "एखादं पिल्लू घ्या ना" असा निरोप येतो. इथे मोठी सोय म्हणजे आई दिसते. बाप दाखवला नाही तरी चालेल, आईकडे नीट बघा. पाहुणा दारात आल्यावर ती भुंकून गप्प होते की पिल्लांवर बसून गुरगुरत राहते? तुमच्या हाताचा वास घेते की खाटेखाली जाते? भित्र्या आईची पिल्लं पुष्कळदा भित्री निघतात, आणि भित्रं पिल्लू घरच्या पॉमवर उलटतं.

पिल्लांत धिटाईने सगळ्यात आधी पायाशी येणारं आणि कोपऱ्यात एकटं बसलेलं, दोन्ही सोडा. मधलं घ्या: जे येतं, हुंगतं, उचलून उताणं धरलं की क्षणभर वळवळतं आणि मग सैल पडतं. दुसऱ्या पिल्लाने केकाटल्यावर जे दात सोडतं, त्याला जास्त गुण. हे बघायला एकदा जाऊन भागत नाही. एकदा दूध पाजल्यानंतर आणि एकदा भुकेच्या वेळी, असं दोनदा जा.

गुण कापले ते दोन गोष्टींवरून. घरगुती लिटरमध्ये जंताचं औषध बहुधा राहिलेलं असतं. ते दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, वजनावर हिशेब करून द्यायचं असतं. आणि ओळखीत परत करायचा संकोच होतो. तो मोडायचा असेल तर आधीच बोलून ठेवा.

'पेपर' म्हणजे केसीआयची (केनेल क्लब ऑफ इंडियाची) नोंदणी असेल तर वंश कळतो, स्वभाव नाही. सोबतीसाठी पेपरचे जादा पैसे मोजायची गरज नाही.

मोठं झालेलं, घर बदलणारं कुत्रं : ४.५ / ५

बदली झाली, म्हातारे मालक मुलाकडे पुण्याला गेले, बाळ झालं, अशा कारणांनी चार-पाच वर्षांचा पग, ल्हासा, स्पिट्झ घर शोधत असतो. त्याच्याकडे बघून लोक म्हणतात, मोठा आहे, आता काय लळा लागणार. लळा लागतो, आणि तोही लवकर. वजन वाढून किती होईल याचा अंदाज बांधावा लागत नाही, ते समोर असतं. स्वभाव ठरलेला असतो. लसीचं पुस्तक जुनं, भरलेलं असतं. आणि महत्त्वाचं म्हणजे भेट घालता येते, दोनदा, तीनदा, हवी तितक्यांदा.

मालकाला विचारायचे प्रश्न सरळ ठेवा. ताटलीजवळ कुणी गेलं तर काय करतो? शेवटचं भांडण कुठल्या कुत्र्याशी, कशावरून, रक्त आलं का? एकटा किती तास राहतो? फटाक्यांना काय करतो? "काही म्हणजे काही करत नाही, गाय आहे," असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा: मग का देताय? खरं कारण तिथे निघतं.

दवाखान्यात एक रक्ततपासणी करून घ्या. खानदेशात गोचीडताप चुकवून चालत नाही. एर्लिकिया आणि बबेसिया हे त्याचे दोन्ही जंतू गोचिडातून येतात, आणि एर्लिकिया अंगात महिनोन् महिने गुपचूप राहू शकतो. हिरड्या फिक्या, नाकातून रक्त ही बहुधा उशिराची लक्षणं. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगेत अंडी घालतो, एक मादी हजारोंनी. जुन्या मातीच्या घरात किंवा पोपडे निघालेल्या चाळीत नव्या कुत्र्याबरोबर दोन गोचिडं आली तरी महिन्याभरात भिंत चालायला लागते. म्हणून गोचिडाची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध दोघांनाही एकाच दिवशी, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. आकडी येणारा कुत्रा असेल तर ते आधी सांगा, काही गोळ्या अशांना देत नाहीत. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचं असतं; रेबीजची लस तिथे विचारा, पण रक्ततपासणीला जिल्ह्याच्या गावी लहान प्राण्यांचा दवाखाना गाठलेला बरा.

अर्धा गुण का कापला? असं कुत्रं हवं तेव्हा मिळत नाही, वाट बघावी लागते. दवाखान्यात सांगून ठेवणं हा सगळ्यात चांगला मार्ग. कुणाचं कुत्रं घर बदलतंय ते डॉक्टरांना सगळ्यात आधी कळतं.

गल्लीतलं गावठी : ३ / ५, कधीकधी ४

उन्हाला गावठीइतकं कुणी टिकत नाही आणि पोटही चांगलं. पण वाढल्यावर १५ ते २० किलो. पाच किलोच्या पॉमजवळ आणलेलं गोंडस पिल्लू आठव्या महिन्यात त्याच्या तिप्पट झालेलं असतं, आणि नेमकं तेच त्याचं दांडगाईचं वय. चार गुण मिळतात ते वयात आलेल्या, नसबंदी झालेल्या, आटोपशीर बांध्याच्या मादीला, जी गल्लीतल्या छोट्या कुत्र्यांना आधीपासून सांभाळून घेते. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला कट मारलेला असतो, तो बघा. गावठी-पॉम क्रॉस मिळाला, अर्धवट केसाळ, सात-आठ किलोचा, तर तो खानदेशातल्या स्पिट्झसाठी उत्तम जोड.

खरजेची खात्री मात्र करून घ्या. कानाच्या कडा आणि कोपरं सोललेली, सारखं खाजवणं, हे असेल तर आधी उपचार. ही खरूज घरच्या कुत्र्याला लागते, माणसालाही.

जातींबद्दल थोडक्यात

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि चपट्या नाकाच्या पगला, शीत्झूला ते नीट जमत नाही. कूलर-एसी दिवसभर चालू नसेल तर पग दुसरा म्हणून आणू नका. पहिल्याच्या मागे धावताना तो कोसळेल. शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सियसच्या वर गेलं की जिवाला धोका. डॅशहुंडची पाठ लांब, उड्या मारणाऱ्या जोडीदाराबरोबर मणक्याची चकती सरकते. जिना-ओट्याच्या घरात नको. बीगल मुळात कळपातला शिकारी कुत्रा, इतर कुत्र्यांशी त्याचं छान पटतं, पण खाण्यावरून हावरट आणि दहा किलोचा धसमुसळा. सहा-सात किलोच्या तरुण स्पिट्झला चालेल, तीन किलोच्या पॉमला नाही. ल्हासा समजूतदार, मात्र वयस्क नर ल्हासा घरावर हक्क सांगतो.

भेट कशी घालायची

घरात नाही, गल्लीतही नाही. गल्ली ही घरच्या कुत्र्याची हद्द असते. सुटीच्या दिवशीचं शाळेचं मैदान, जळगावात मेहरूण तलावाकाठचा मोकळा रस्ता, अशी दोघांनाही परकी जागा हवी. मार्च ते जून सकाळी साडेसहाच्या आत उरका. लस पुरी न झालेल्या पिल्लाला मैदानावर उतरवू नका, कुत्रं नसलेल्या शेजाऱ्याची धुतलेली गच्ची वापरा.

दोन माणसं, दोन सहा फुटी दोऱ्या. साखळी नको. पॉमला पट्टा नको, हार्नेस हवा. सुरुवातीला पंधरा-वीस फूट अंतर ठेवून दोघांना एकाच दिशेने दहा मिनिटं चालवा, तोंडासमोर तोंड आणू नका. दोरी सैल ठेवा. दोरी ताणली की कुत्रा पुढून ताठ होतो आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. मग अंतर कमी करत न्या. एकाने जिथे मुतलंय तिथला वास दुसऱ्याला घेऊ द्या, ओळखीचा अर्धा भाग तिथेच होतो. नंतर वळसा घेऊन शेपटीकडून हुंगू द्या, मनात एक-दोन-तीन मोजा, आणि गोड आवाजात बोलावून बाजूला घ्या. पुन्हा तीन सेकंद. असं पाच-सहा वेळा झालं की पहिल्या दिवसाला पुरे.

काय बघायचं, यात लहान जातींची एक गंमत आहे. कुत्रा ताठरला की शेपूट वर जाऊन थरथरते असं सगळीकडे सांगतात. स्पिट्झची शेपूट मुळातच पाठीवर गुंडाळलेली, पगची मळसूत्री. तिथे शेपटीवरून काही कळत नाही. तोंड आणि कान बघा. तोंड अर्धवट उघडं, जीभ सैल, म्हणजे ठीक. चालता चालता तोंड एकदम मिटलं, कान पुढे ताणले, डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसला, अंग पुतळ्यासारखं थांबलं, म्हणजे पुढच्या क्षणी दात. पगच्या घशातून सतत घरघर येते, ती समोरच्याला गुरगुरणं वाटते. पगची ओळख म्हणून आणखी लांबून आणि आणखी सावकाश. ल्हासा-शीत्झूच्या डोळ्यांवर केसांचा पडदा असतो, दुसऱ्याला त्याची नजर कळतच नाही आणि त्यालाही बाजूने आलेलं दिसत नाही. भेटीआधी ते केस रबराने वर बांधा. एवढ्याशा कामाने निम्मी खेकसाखेकसी टळते.

आणि उचलायचं नाही. मोठं कुत्रं जवळ आलं की आपल्या लोकांचा हात पॉमच्या पोटाखाली जातोच. वर उचललेलं, पाय झाडणारं, केकाटणारं पॉम दुसऱ्या कुत्र्याला पळत्या सशासारखं दिसतं, तो उडी मारतो. शिवाय पॉम शिकतं की दुसरं कुत्रं म्हणजे संकट. मध्ये स्वतः उभे राहा, दोरीने वळवा.

पुढची कोपरं टेकून मागचा भाग वर, उड्या वाकड्यातिकड्या, मधेच थांबून अंग झटकणं, पाठलागात पाळी बदलणं, हे सगळं आलं म्हणजे जमतंय. एकच कायम खाली आणि दुसरा कायम वर, तर तो खेळ नाही. असे दोन दिवस आड करून तीन भेटी घ्या, आणि निर्णय तिसरीनंतर.

घरात आणल्यावर

मैदानावरून चालत दोघांना एकत्रच आत आणा. त्याआधी ताटल्या, चेंडू, चघळायची हाडं, जुनी चादर, सगळं उचलून ठेवा. भांडणं होतात ती अरुंद जागी: उंबरठ्यात, जिन्याच्या वळणावर, दिवाणाखाली, आणि माणसाच्या मांडीवर. जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून, पंधरा मिनिटांत ताटली उचलायची, खाल्लं तरी आणि नाही तरी. पहिले पंधरा दिवस रात्री वेगळे. आपण घरात नसताना महिनाभर वेगळे. पिल्लू असेल तर खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, दिवसातून चार-पाचदा, मग पिल्लू कुंपणात आणि थोरला मोकळा. थोरला गुरगुरला तर त्याला रागावू नका. तो शिकवतोय. गुरगुरण्यावर मार बसला की पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो.

दोन कुत्री झाली की जमिनीवर पडलेलं काहीही चढाओढीत गिळलं जातं. एकटा असताना पॉम शेवभाजीचा रस्सा हुंगून सोडायचा, आता पुसून खातो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. हिवाळ्यात मळ्यातल्या भरीत पार्टीत हाडं नसतात म्हणून लोक निर्धास्त असतात, पण भरितात कांद्याची पात असते. मटणाच्या शिजवलेल्या हाडावरून भांडण तर होतंच, वर त्याची चीर आतड्यात घुसते. मळ्यात ठेवणार असाल तर यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याचं लक्षात ठेवा; लहान कुत्री रात्री आत.

भांडण लागलंच तर मध्ये हात घालू नका. बादलीभर पाणी, जाड गोधडी, किंवा मध्ये पाट आडवा. तरीही सुटले नाहीत तर दोन माणसांनी एकाच वेळी दोघांचे मागचे पाय धरून ढकलगाडीसारखं मागे ओढायचं. माणसाला दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

चौदा दिवसांत रक्त येईल असा चावा, किंवा घरच्या पॉमने दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, घरात मुतायला लागणं, दिवाणाखालून न निघणं, हे दिसलं तर परत करा. त्यासाठी घेतानाच साध्या कागदावर लिहून घ्या: तारीख, कुत्र्याचं वर्णन, लसींच्या तारखा, नसबंदी झाली की नाही, चौदा दिवसांत न जमल्यास परत घेणार, किती पैसे कापून, दोघांच्या सह्या. विकणारा यावर सही करायला तयार नसेल तर त्याचे गुण तिथेच ठरले. दुकानातलं पिल्लू १४ दिवस वेगळं ठेवायचं असल्याने त्याच्या कागदावर महिन्याची मुदत मागा, नाहीतर मुदत विलगीकरणातच संपते.

वेळ निवडायची तर दिवाळीचे फटाके संपल्यावर, तुळशीचं लग्न झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. घाबरलेलं नवं कुत्रं फटाक्यांत दार उघडं दिसलं की पळतं. आखाजीला (अक्षय तृतीयेला) घर पाहुण्यांनी भरलेलं आणि ऊन असं की दिवस वर आला की डांबरावर पंजा टेकवत नाही, भेटीगाठी चालवायच्या कुठे. एप्रिलमध्ये कुणी चांगलं मोठं कुत्रं देत असेल तर नाही म्हणू नका, फक्त भेटी पहाटे घ्या आणि गच्चीवर पाण्याच्या दोन वेगळ्या कुंड्या ठेवा, दहा फुटांच्या अंतराने.